चवथ तोंडावर आणि जाईचे केस मुठीमुठीने गळतायत. भादरून टाकू का?

पडवीतली, साखळी

नमस्कार. जाई आमची पाच वर्षांची लॅब्रॅडॉर, फिकट पिवळी, वजन ३१ किलो. आषाढ लागल्यापासून तिचे केस इतके गळतायत की सकाळी केर काढला की सुपलीत नारळाएवढा बोळा जमतो. दुपारी शाळेतून येते तोवर तेवढाच दुसरा. लॅब पाळली म्हणजे केस आलेच, हे मला ठाऊक आहे. पण या वेळी नुसता हात फिरवला तरी मुठीत येतात. बरेचसे कापसासारखे मऊ, पांढुरके, मधे मधे थोडे राठ आणि लांब.

घर जुनं, कौलारू. जाईची जागा पडवीत, पण पावसाची झड आत येते म्हणून रात्री तिला माजघरात घेतो. गणपतीची चवथ अठरा दिवसांवर आलीय. नेवऱ्या करायला जावा येतील, मूर्तीवरची फळापानांची माटोळी बांधायला दीर येतील, बावीस-तेवीस माणसं पंगतीला असतील. परवा सासूबाईंनी सोवळ्याचं धुतलेलं लुगडं दोरीवरून काढलं तर त्यावर केस. त्या काही बोलल्या नाहीत, लुगडं उचललं आणि पुन्हा भिजत घातलं. मला तेच जास्त लागलं. जाईवर त्यांचाही जीव आहे. तिला पेज घालतात त्याच.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. पावसाळ्यात त्याला सकाळी सकाळी शिंका येतात आणि यंदा दोनदा छाती घरघरली. कुत्र्याचे केस छातीत जातात असं शेजारपाजारचे सांगतात. रात्री ते आठवून झोप लागत नाही.

एका ग्रूमिंगच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले, मशीनने पूर्ण बारीक करून देतो, दोन महिने बघायला नको, तिलाही गार वाटेल. शनिवारची वेळ घेऊन ठेवलीय, पण मन होत नाही.

उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहिते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, रात्री भात आणि जेवणातलं हुमण (माशांची आमटी), आठवड्यातून दोनदा कोंबडीचे पाय. आंघोळ दर रविवारी, आमच्याच शाम्पूने. नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही, शेवटची माजावर आली ती मेच्या पहिल्या आठवड्यात. मधेच शेपटीकडे मान वळवून दातांनी कुरतडते. पावसात सगळीच कुत्री करतात असं वाटून मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. भादरावी का? आणि हे नुसतं गळणं आहे की आजार?

दोन लॅबवाला, फोंडा

ताई, शनिवारची वेळ आजच रद्द करा.

लॅबच्या अंगावर दोन थर असतात. वरचे राठ केस पाणी आणि ऊन अडवतात, खालचा मऊ थर ऊब धरतो. यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात उतरायचे, तो कोट तिथून आलाय. तुमच्या मुठीत येतो तो बहुतेक खालचा थर. मशीन फिरवलं की दोन्ही थर एकाच उंचीवर येतात. वरचे राठ केस सावकाश वाढतात, खालचे लवकर, मग अंग ठिगळ लावल्यासारखं दिसतं. आणि गळायचं काही थांबत नाही. लांब केसांऐवजी काट्यासारखे बारीक केस गळतात, ते केरसुणीला येत नाहीत, चादरीत रुततात. फिकट कातडीला आपल्या ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका बसतो तो वेगळाच. माझ्या थोरल्याच्या कमरेवर जखम झाली म्हणून तेवढाच तुकडा डॉक्टरांनी काढला होता. तिथले केस पहिल्यासारखे व्हायला वर्ष लोटलं. वैद्यकीय गरज असली तर प्रश्नच नाही, पण केर कमी व्हावा म्हणून हे करू नका.

करायचं ते असं. अंग पूर्ण कोरडं असताना, घराबाहेर. पडवीतही नको, वारा आत येतो; अंगणाच्या टोकाला, वारा घराकडून बाहेर जात असेल तेव्हा. आधी रबराच्या गोळ्या असलेला ब्रश गोल गोल फिरवायचा, त्याने सुटलेले केस वर येतात. मग बोथट, गोल टोकाच्या लोखंडी दात्यांचा कंगवा, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने. आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर आधी ओढून बघा, ओरखडा उठला तर तो दाब तिलाही जास्तच. पात्यासारखी धार असलेली हत्यारंही मिळतात. त्यांनी पहिल्या दिवशी ढीग निघतो आणि माणूस खूश होतो, पण रोज वापरली तर चांगले राठ केसही कापले जातात. मी आता ठेवूनच दिलीत.

सर्वांत जास्त केस मांड्यांच्या मागे, मानेभोवती आणि शेपटीच्या बुडाशी अडकलेले असतात. पाठीवर सगळे ब्रश मारतात, या तीन जागा राहून जातात. सध्या रोज पंधरा मिनिटं करा. पंधरा-वीस दिवसांत फरक दिसेल, चवथीला कामाला येईल. मग आठवड्यातून दोनदा पुरे.

घरात केरसुणी मारायच्या आधी ओलं पोतेरं फिरवा. कोरड्या केरसुणीने केस उडतात आणि तासाभराने पुन्हा खाली येतात. सोफ्यावर, गादीवर भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने ओढा, केसांची गुंडाळी होऊन हातात येते. सासूबाईंचं लुगडं मात्र घराच्या दुसऱ्या बाजूला, तिची ये-जा नाही तिथे वाळत घाला. आमच्याकडे देवाच्या कपड्यांची दोरी वेगळी आहे.

जुना मदतनीस, पेडणे

मी डॉक्टर नव्हे. गुरांच्या दवाखान्यात २६ वर्षं मदतनीस होतो, आता निवृत्त. हजारो कुत्री धरून ठेवली असतील, त्या जोरावर सांगतो.

केस गळणं निराळं आणि टक्कल पडणं निराळं. गळणाऱ्या कुत्र्याचे केस हातात येतात, पण अंगावर कुठे भगदाड पडत नाही आणि फुंकर मारून केस बाजूला केले तर खालची कातडी स्वच्छ, एका रंगाची दिसते. जिथे कातडी लाल, काळवंडलेली, तेलकट, खपली धरलेली किंवा आंबूस वासाची असेल तिथे कंगव्याचं काम संपलं, डॉक्टरचं सुरू झालं.

तुमच्या जाईचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय: मे महिन्यातला माज. ऑपरेशन न झालेल्या कुत्रीचा माज होऊन दोन-तीन महिने गेले की अंगातली हार्मोनं उतरतात आणि जुना कोट एकदम सुटतो. व्यालेल्या कुत्रीचंही तसंच होतं, लोक घाबरून आणायचे. मे ते ऑगस्ट मोजा, बरोबर बसतं. एरवी केसांची गळती मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते. थंड मुलखात हिवाळा-उन्हाळ्याचा दिवस खूप लहानमोठा होतो, म्हणून तिथली कुत्री वर्षातून दोनदा कोट टाकतात. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, सर्वांत लहान सव्वाअकराचा, त्यात घरात रात्री दहा-अकरापर्यंत दिवे. म्हणून गोव्यातल्या घरातलं लॅब बारा महिने थोडं थोडं गळतं. तो दोष नव्हे.

पण शेपटीकडे वळून कुरतडणं माजाने होत नाही. कमर, शेपटीचं बूड आणि मांड्यांची मागची बाजू, या त्रिकोणात चावत असेल तर माझा पहिला संशय पिसवांवर. पिसू दिसली नाही म्हणून नाही असं समजू नका. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला मोजके चावेही पुरतात. आज एक काम करा. तिला पांढऱ्या कागदावर उभी करून शेपटीच्या बुडाशी कंगवा मारा. काळे मिरीच्या भुकटीसारखे कण पडले तर त्यावर पाण्याचे थेंब टाका. नुसती माती असेल तर तपकिरीच राहील. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

बाकीच्या खुणा मनात ठेवा. गोल चट्टे पडून केस तुटलेले दिसले तर नायटा असू शकतो. कानाच्या कडा आणि कोपरांवर खपल्या येऊन रात्रंदिवस खाज असेल तर खरूज. दोन्ही माणसाला लागतात, म्हणून मुलाच्या हातापायावर काही उठलंय का तेही बघा. खाज अजिबात नाही, दोन्ही कुशींवर सारखंच विरळ झालंय, शेपटी उंदरासारखी उघडी पडलीय, वजन वाढतंय आणि जनावर सुस्त झालंय, असं असेल तर थायरॉईडसाठी रक्त तपासावं लागतं. ते मध्यम वयातच सुरू होतं, म्हणून सांगून ठेवतो. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड बघा. ताप, न खाणं, नाकातून रक्त, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आंघोळीचं चुकतंय. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसापेक्षा पातळ असतो आणि तिची आम्लताही वेगळी. माणसाच्या शाम्पूने दर आठवड्याला धुतली की तेल निघून जातं, कातडी कोरडी होते आणि केस आणखी सुटतात. निरोगी लॅबला तीन-चार आठवड्यांनी एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने, पुरे. आणि आपल्या पावसात आंघोळीपेक्षा वाळवणं मोठं. वरून कोरडी दिसते, आत बोट घालून बघा, ओल असते. तिथेच यीस्ट, म्हणजे कातडीवरची एक बुरशी, वाढतं. टॉवेलने दाबून टिपा, मग पंख्याखाली, आणि जांघा, काखा, कानामागे हाताने तपासल्याशिवाय सोडू नका. भिजलेला गळपट्टा रात्री काढून ठेवा, त्याखाली जखम होते.

एक कळकळीचं सांगणं. जळकं इंजिन ऑइल, रॉकेल, फिनाईल, यांतलं काही कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी लावू देऊ नका. कुत्रं अंग चाटतं, ते पोटात जातं. ऑइल चोपडलेली पिल्लं आमच्या टेबलावर यायची. सगळी वाचली नाहीत. ती अजून डोळ्यांसमोर आहेत.

पडवीतली, साखळी

काका, दादा, खूप आभार. शनिवारची वेळ रद्द केली.

कागदाचं आत्ताच करून बघितलं. जुन्या हजेरीपत्रकाची कोरी पाठ घेतली. काळे कण पडले, पाणी टाकलं आणि दोन मिनिटांत विटकरी रंगाचे डाग पसरले. मुलगा शेजारी बसून बघत होता, म्हणाला, आई हे जाईचं रक्त आहे का. मला रडू आलं. तीन महिने ती मला दाखवत होती आणि मी पावसावर ढकललं.

केस बाजूला करून बघितलं. शेपटीच्या बुडाशी कातडी लाल आहे, दोन ठिकाणी खपली. जांघेत वास येतोय, ब्रेडचं पीठ आंबल्यासारखा. पाठ, पोट, कुशी साफ. गोल चट्टे नाहीत, मुलाच्या अंगावरही काही नाही. उद्या अर्धी रजा टाकून तिला दाखवते. घरात मनी मांजर पण आहे, जाईच्याच गोणपाटावर झोपते. तिलाही न्यायचं का?

मांजरवाली, कुडचडे

ताई, मनीला न्याच. डॉक्टरांना घरात मांजर आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो. मनी त्याच गोणपाटावर झोपते म्हणून हे जास्त महत्त्वाचं. आणि जाईला कधी फिट आली असेल तर तेही सांगा, पिसवांच्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून देतात.

अंगावरच्या पिसवा म्हणजे पाचातला एक हिस्सासुद्धा नव्हे. अंडी, अळ्या, कोष घरातच असतात, फटींत, गोणपाटात, पाटाखाली. कोष तर महिनोन्‌महिने तग धरतो. एक गोळी देऊन थांबलात तर परत येतील. डॉक्टर सांगतील तितके महिने सलग द्या, दोघींनाही. गोणपाट टाकून द्या. त्याऐवजी जुन्या चादरी घाला आणि आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा.

मुलाच्या छातीबद्दल. त्रास देणारी प्रथिनं मुख्यतः कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, केस ती घरभर वाहून नेतात. म्हणजे भादरून ती गेली नसती. पण पावसात भिंतींना येणारी बुरशी आणि गाद्यांमधले धुळीचे किडे हेही तितकेच कारण असू शकतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, अंदाज करू नका. तोवर जाई त्याच्या खोलीत आणि अंथरुणावर नको, तिला हात लावला की हात धुवायचे, आणि विंचरताना त्याला जवळ बसवू नका.

दोन लॅबवाला, फोंडा

खाण्याचं राहिलं होतं. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, आणि पेज-भातात ते फार थोडं. कुत्रीच्या रोजच्या प्रथिनांचा चांगला मोठा वाटा कातडी आणि केसांनाच लागतो. हुमणात मीठ, तिखट, आणि कांदा-लसूण असेल तर तो तिला विषारी, म्हणून ते बंदच करा. त्याऐवजी तारले किंवा बांगडे नुसत्या पाण्यात उकडा, काटे निवडून काढा, गर भातात कालवा. ओमेगा थ्री (कातडी-केसांना चांगली अशी माशातली चरबी) मिळायला आपल्याकडे याहून स्वस्त काही नाही. सुकी मासळी नको, मिठाने भरलेली असते. अंडं उकडून. कच्च्या पांढऱ्या बलकाने बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळत नाही. नुसत्या घरच्या जेवणावर ठेवणार असाल तर प्रमाण आणि कॅल्शियमचं डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मी अर्धं तयार खाणं, अर्धं घरचं देतो. कातडीत फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पंधरवड्यात सोडू नका.

आणि चवथीच्या दिवसांत नेवऱ्या, करंज्या, प्रसाद तिच्या तोंडापासून लांब. मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, थोडे गेले तरी दवाखाना.

पडवीतली, साखळी

चवथ होऊन महिना होत आला. लिहायला उशीर झाला, पण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तेव्हा काय झालं ते सांगायलाच हवं.

डॉक्टरांनी कातडी खरवडून बघितली, खरजेचे किडे नव्हते. जांघेत चिकटपट्टी लावून काचेवर घेतली, त्यात यीस्ट निघालं. पिसवांची ॲलर्जी, त्यावर यीस्ट, आणि वरून माजानंतरची गळती, अशी तीन कारणं एकत्र होती. वजन करून गोळी दिली, मनीला तिचं वेगळं औषध. यीस्टसाठी औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस अंगावर दहा मिनिटं ठेवून मग धुवायचा. ही दहा मिनिटं फार कठीण गेली, ती अंग झटकायची आणि मी भिजायचे. मग मुलाने शोधून काढलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा समोर धरला की ती हलत नाही. थायरॉईडची खूण नाही म्हणून ती तपासणी आत्ता नको म्हणाले.

कुरतडणं आठव्या-नवव्या दिवशी थांबलं. केस मात्र चवथीपर्यंत गळत होतेच, हे खरं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल जादू झाली. फक्त ते अंगणाच्या टोकाला गळत होते, माजघरात नाही. पहिल्या दिवशी विंचरलं तेव्हा साखरेची पाच किलोची पिशवी दाबून भरली. चवथीच्या आदल्या दिवशी दोन मुठी. आता एक चिमूट.

चवथीचे दोन दिवस तिला मागच्या खोलीत ठेवली, केसांपेक्षा फटाक्यांसाठी. पंगतीत एकाच्याही पानात केस निघाला नाही.

मुलाला दाखवलं. डॉक्टरांनी फवारा दिलाय आणि त्याच्या खाटेमागच्या भिंतीची बुरशी आधी काढा म्हणाले. भिंत खरवडून रंगवली. शिंका कमी आहेत. जाई त्याच्या खोलीत जात नाही, दारात बसून राहते, त्याचा अभ्यास होईपर्यंत.

एक विचारायचं होतं. विंचरून निघालेले केस सासूबाई आंब्याखाली ठेवायच्या, शिंजीर पक्षी घरट्याला नेतात म्हणून. त्यांना ते फार आवडायचं. पण आता गोळी चालू आहे, तर ठेवावेत का?

मांजरवाली, कुडचडे

नको, ताई. पिसवांच्या औषधांचा अंश केसांत उतरतो, घरट्यातल्या पिल्लांना त्रास होऊ शकतो. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. सासूबाईंना शिंजिरांसाठी नारळाच्या काथ्याचे धागे ठेवायला सांगा, अगदी बारीक आणि बोटभर तुकडे करून, लांब ठेवले तर पिल्लांच्या पायात गुंततात.

पडवीतली, साखळी

सांगितलं. त्या लगेच काथ्या सोलायला बसल्या. पुढची गोळी १२ तारखेला आहे, ती विसरू नये म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर संकष्टीच्या खुणेशेजारी पेन्सिलीने "जाई, मनी" असं लिहून ठेवलंय.